मिरगाच्या आधी

मांडीवरचा डबा घट्ट धरा. लाखनी मागे पडली आहे, साकोली यायला अजून वेळ आहे आणि एसटीच्या खिडकीतून मे महिन्याची झळ थेट डब्यावर येते आहे. आतले सांधे काल रात्री दोन वाजता सोल्डर केलेत. एक जरी सुटला तर जोडायला परत भंडाऱ्याला जावं लागेल, आणि व्हायवाला नऊ दिवस उरलेत.

तुम्ही चौघं आहात. शेजारी पवनीचा, पुढच्या बाकावर तुमसरची, आणि दाराशी दांड्याला धरून उभा असलेला लाखांदूरचा. चार वर्षांत एकमेकांना नावापेक्षा गावानंच हाक मारायची सवय लागली आहे. तुम्ही आणि लाखांदूरचा सिव्हिलचे, पवनीचा मेकॅनिकलचा, तुमसरची इलेक्ट्रॉनिक्सची. तीन शाखांचा मिळून एक गट करू द्या, असा अर्ज तुम्ही जुलैत लिहिला होता. सही करताना गाईड एवढंच म्हणाले होते, "भांडलात तर माझ्याकडे यायचं नाही."

भांडण फेब्रुवारीत झालं आणि तीन आठवडे टिकलं. लाखांदूरच्याचं म्हणणं होतं की नागपुरात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, रिपोर्टसकट. चौघांनी पैसे काढायचे आणि राहिलेला वेळ नोकरीच्या परीक्षांना द्यायचा. त्याच्या घरी दोन एकर धान आणि बहिणीचं लग्न आहे, हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. कळल्यावर तुम्ही वाद घालणं सोडलं, आणि मग तो आपणहून परत आला.

प्रोजेक्ट सांगायला सोपा आहे. मामा तलावात पाणी किती आहे ते मोजायचं आणि मोबाइलवर कळवायचं. 'माजी मालगुजारी'ची पहिली अक्षरं जोडून सरकारी कागदांनी केलेलं हे नाव ऐकायला मात्र नात्यासारखं लागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. गावाच्या वरच्या अंगाला पाळ, पाळीच्या पोटाशी पाणी, खाली धानाच्या बांध्या, मधे मधे बोड्या, म्हणजे लहान तळी. तुम्ही लहानपणापासून त्यांच्याकडे बघत आलात. म्हणूनच कधी पाहिले नाहीत.

तुमसरची मागे वळते. "सापडलं," ती म्हणते. तिच्या वहीत एक ओळ आहे आणि तिच्याखाली तीन रेघा. सेन्सर आवाजाची लाट पाण्यावर सोडतो, ती परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. प्रोग्राममध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरलेला आहे. तो वेग २० अंश तापमानाचा. एकेका अंशाला तो सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. भंडाऱ्याच्या ४५ अंशांत तो ३५८ वर जातो. म्हणजे सेन्सरपासून पाणी तीन मीटर खाली असेल तर तुमचं यंत्र ते साडेबारा सेंटिमीटर वर दाखवतं. पवनीचा मोबाइलवर गुणाकार करतो. तलावाचा पसारा ४० हेक्टर धरला तर साडेबारा सेंटिमीटर म्हणजे ५० हजार घनमीटर. ५ कोटी लिटर.

"नसलेलं पाणी," तो म्हणतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एसी होता. तिथे यंत्र दर वेळी बरोबर आकडा द्यायचं.

एसटी फाट्यावर थांबते. पुढे दीड किलोमीटर पायी. पाळीवर चढताना मोहाच्या सुकल्या पानांचा आवाज होतो, आणि वर पोचल्यावर जे दिसतं त्यानं चौघंही गप्प होतात. तलाव उरलेला नाही. पार मधोमध हिरवट पाण्याची चकती आहे, दोन बगळे आहेत, बाकी भेगाळलेली काळी गाळमाती. पाळीवरच्या मोहाच्या सावलीत धिवरांच्या मच्छीमार संस्थेचा राखणदार बसला आहे. तुम्ही याआधी दोनदा त्याला भेटलात. त्याला बाबाजी म्हणता.

"या जी. आनलं का यंत्र?"

तुमसरची डबा उघडून दाखवते, समजावून सांगते. तो सगळं नीट ऐकून घेतो. मग विचारतो, "पानी किती हाये ते हे सांगते. पन पहिले कोनाच्या बांधीत सोडाचं, ते सांगते का?"

चौघांपैकी कोणाकडेच उत्तर नाही. सिनॉप्सिसमध्ये हा प्रश्न नव्हता. पहिल्या प्रोग्रेस सेमिनारमध्ये नव्हता, दुसऱ्यात नव्हता. तुम्ही काहीतरी करायचं म्हणून पाळ उतरून कोरड्या तळात जाता. तिथे तुडुम उघडा पडला आहे. तलावातून खाली बांध्यांकडे पाणी सोडायची ही जुनी वाट. पाळीच्या पोटातून आरपार गेलेली दगडी नळी आणि तिच्या तोंडाशी भोक. बूच नाही. तुम्ही गुडघ्यावर बसता आणि हात आत घालता. कोपरापर्यंत. आत गार आहे, बाहेरच्या मे महिन्याशी त्या गारव्याचा काही संबंध नाही. बोटांना ओलं लागतं.

हात बाहेर काढता तेव्हा त्यावर काळा चिखल चकाकत असतो. वर बघता तर पाळ नाही.

टेकड्या त्याच आहेत. त्या दोन टेकड्यांवरून तुम्ही जागा ओळखता. पण उतारावर शेतं नाहीत, ऐन आणि तेंदू आहे, आणि ते रान खाली नाल्यापर्यंत आलं आहे. नाल्याच्या दोन्ही काठांनी मातीचा एक ओबडधोबड, छातीइतका उंच बांध टेकड्यांकडून मधे सरकत आला आहे. त्याच्यावर माणसं आहेत. पन्नास, साठ, मोजता येत नाहीत. टोपल्यांची रांग एका बाजूनं भरून चढते, दुसऱ्या बाजूनं रिकामी उतरते. मग आवाज ऐकू येतो. एका तालात पडणारे धुमस, धप्प, धप्प, आणि मधे एखाद्या बाईची हाक.

वर्ष सांगायला इथे कोणी नाही. १७४० च्या मागेपुढे समजा. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, नागपूरकर भोसल्यांचं नवं नाव त्याच्या शेजारी येऊन बसू लागलं आहे. इथून पूर्वेला नवेगावात कोलू पाटील कोहळीनं सात टेकड्यांच्या मधे मोठा बांध घातला, तो या शतकाच्या सुरुवातीचा. त्याला लोक पुढे कोलासूर म्हणून पुजतील. इंजिनिअरचा देव झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. तो बांध म्हणजे आपला नवेगावबांध. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत तो भंडारा जिल्ह्यातच होता.

हे लोकही कोहळी आहेत. त्यांच्यात अशी सांगी आहे की चांद्याचा राजा काशीला गेला, तिथलं तलावाचं काम त्यानं पाहिलं आणि त्यांच्या पूर्वजांना सोबत घेऊन आला. राजानं शब्द दिला होता, जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन. सांगी खरी असो नसो, त्या शब्दाचा अर्थ आज तुमच्यासमोर टोपली टोपलीनं उभा राहतो आहे.

तुम्ही कोण, हे कोणी विचारत नाही. हातात टोपली येते.

पहिल्या तासात खांदे भरून येतात. दुसऱ्या तासात तुम्हाला पुस्तक आठवू लागतं. बांधाच्या मधोमध जमीन कठीण लागेपर्यंत खोल चर खणला आहे आणि त्यात नुसती काळी चिकणमाती भरत आणली आहे. दोन्ही अंगांना मुरूम. एका वेळी वीतभर थर, त्याच्यावर पाणी शिंपडून धुमस, मग बैलं फिरवायची, मग पुढचा थर. तुम्ही याला कोअर म्हणायला शिकलात, कटऑफ ट्रेंच म्हणायला शिकलात, कॉम्पॅक्शनचा आलेख काढून दहापैकी आठ गुण मिळवलेत. आलेख काढताना असं कधी वाटलं नव्हतं की थर जाड घातला तर खालची माती सैल राहते हे तळपायांनाच कळतं.

बांध नाल्याला सरळ आडवा नाही, किंचित पोटात वळलेला आहे. आणि पाळ जिथे डाव्या टेकडीला टेकते, तिच्याही पलीकडे, कातळ उघडा आहे त्या खिंडीत, एक रुंद जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. तो सांडवा. पाणी जास्त झालं की ते मातीवरून जाऊ नये, दगडावरून जावं. मातीचा बांध अंगावरून पाणी गेलं की काही तासांत वाहून जातो. इथे नकाशा नाही. कोहळ्यांचा म्हातारा पुढारी तीन पावसाळे या नाल्याकाठी येऊन बसला होता. पुराचा कचरा कोणत्या झाडाच्या कोणत्या फांदीला अडकला, ते बघून त्यानं पाळीची उंची ठरवली. तुम्ही तलावावर एकूण दोनदा आलात. दोन्ही वेळा पाऊस नव्हता.

दुपारनंतर तुम्हाला तुडुमाकडे पाठवतात. इथे घाई नाही, बडबड नाही. दगडी नळी चरात बसवली आहे आणि तिच्याभोवती माती भरायचं काम चार बाया करताहेत. त्यातली एक, केस पिकलेली, मातीचा गोळा घेते, तळहातांमध्ये तो वळत जाते. गोळ्याची वळी होते, वळीची दोरी, दोरी बारीक बारीक होत गवताच्या काडीएवढी. तुटत नाही. ती माती चालते. दुसऱ्या टोपलीतली माती काडीएवढी व्हायच्या आधीच तुकडे तुकडे होते. ती टोपली परत जाते.

ही परीक्षा तुम्ही ओळखता. तिसऱ्या वर्षी, सॉइल मेकॅनिक्सच्या प्रयोगशाळेत, काचेच्या तुकड्यावर मातीची तीन मिलिमीटरची दोरी वळून ती कधी तुटते ते बघत होतात. प्लॅस्टिक लिमिट. जर्नलमध्ये लिहिलं होतं, सही झाली होती. ती कशासाठी बघतात ते मात्र आज, या चरात, गुडघाभर चिखलात समजतं.

"दाब," बाई सांगते. तुम्ही मूठ दाबता. "तसं नाही गा. बोटं घाल खाली."

नळीच्या पोटाखाली, जिथे डोळ्यांना दिसत नाही, तिथे बोटांनी माती सारायची. मूठभर, मग आणखी मूठभर, मधे हवा राहू द्यायची नाही. पाणी मातीतून वाट काढत नाही, ते दगड आणि माती यांच्या सांध्यातून वाट काढतं. आधी एक कण घेऊन जातं, मग दुसरा. बाहेरच्या बाजूनं सुरू झालेलं भोक मागे मागे, तलावाकडे सरकत जातं. वर पाळ जशीच्या तशी दिसत असते, तिच्यावर गुरं चरत असतात, आणि एका रात्री सगळा तलाव त्या भोकातून निघून जातो. आजही मातीची धरणं अशी फुटतात. त्याला पायपिंग म्हणतात, आणि नळीच्या भोवतालचा हा सांधा अजूनही धरणाची सर्वांत नाजूक जागा आहे.

तुम्ही संध्याकाळपर्यंत बोटं घालत राहता. नखांखालची कातडी सोलवटते. बाई तुमचं काम एकदा उकरून बघते, दोनदा बघते, तिसऱ्यांदा बघत नाही. कोणत्याही एक्स्टर्नलनं दिलेल्या शेऱ्यापेक्षा हे मोठं आहे आणि तुम्हाला ते लगेच कळतं.

हा काळ सोन्याचा होता असं मात्र मी लिहिणार नाही. ज्या बाईनं तुम्हाला माती वळायला शिकवलं, तिच्या नावावर या पाण्याखालची एकही बांधी होणार नाही. टोपल्या वाहणाऱ्यांत बेलदार आहेत, गोंड आहेत, पोटाला मिळेल तेवढ्यावर आलेली माणसं आहेत. पाळ सगळ्यांनी घातली, जमीन थोड्यांची झाली. कोलू पाटलाचं नाव राहिलं, बाकीच्यांची कोणी लिहून ठेवली नाहीत.

अंधार पडता पडता काम थांबतं. बांध दोन्हीकडून येऊन नाल्याशी थांबला आहे. मधे दहा-बारा हात रुंद खिंडार उरलं आहे, ते आता बुजवायचं. मिरग तोंडावर आहे. पहिला पाऊस या खिंडारातून वाहिला तर दोन उन्हाळ्यांची माती घेऊन जाईल. माती तयार आहे, टोपल्या तयार आहेत, माणसं तयार आहेत. आणि म्हातारा कोहळी खिंडारात मांडी घालून बसला आहे.

"पहिले बोलून घ्या," तो म्हणतो. "पानी कोनाचं पहिले, कोनाचं मागून. कमी पडलं त कोनाचं कमी. पार बुजवल्यावर कोनी बोलनार नाही, भांडनच करनार."

ते बोलतात. रात्रभर. मोहाखाली शेकोटी नाही, उकाडाच आहे. खालच्या टोकाच्या बांध्यांचे लोक एकीकडे, पाळीलगतचे दुसरीकडे, धिवर तिसरीकडे, कारण सगळं पाणी सोडलं तर मासे कुठे राहतील. एक जण उठून जातो, त्याला परत आणतात. लोहार काहीतरी सुचवतो, सगळे हसतात, मग त्याचंच म्हणणं अर्धं मान्य होतं. तुम्हाला वाटतं, आता यांनी उठावं, माती टाकावी, आभाळ भरून येतंय. पण म्हातारा हलत नाही. शेवटचं काम मातीचं नाही, हे त्याला ठाऊक आहे.

२०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. इंजिनिअरिंगच्या पदवीधराला काय काय यायला हवं त्याची त्या वेळची बारा कलमांची यादी तुमच्या कॉलेजच्या भिंतीवर फ्रेम करून लावली आहे. नववं कलम आहे, एकट्यानं आणि गटात काम करता येणं. त्याचे गुण कसे द्यायचे यावर बैठका झाल्या. तुम्ही एकमेकांना दहापैकी दहा दिले होते. इथे, या खिंडारापाशी, नवव्या कलमाला काय म्हणतात ते तुम्ही बघत आहात, आणि झोप डोळ्यांवर येते.

मग पावसाळे येऊ लागतात.

एकामागून एक, मधे श्वास घ्यायला जागा न ठेवता. पाणी चढतं, उतरतं. पाळीवर झाडं येतात. उसाचे मळे होतात, गुळाच्या कढया चढतात. १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा होतं. त्याच वर्षी तिकडे पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू होतो. तिथूनच १८८३ साली विश्वेश्वरय्या बाहेर पडतील आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारी दारं बसवतील. इथवर त्याची खबर येत नाही. इथे १८६० नंतर साहेब लोक जमिनी मोजतात आणि गावागावांत एकाला मालगुजार ठरवतात. बांधणाऱ्याचं नाव पुसून तलावाला सारा भरणाऱ्याचं नाव लागतं. १८९६-९७ चा दुष्काळ येतो, पाठोपाठ १८९९-१९०० चा. तळ फाटतो, गावं रिकामी होतात, पुन्हा भरतात. १९०८ मध्ये भंडाऱ्याचं गॅझेटियर छापून येतं.

थांबता तेव्हा १९५१ चा मार्च महिना संपत आला आहे. तुम्ही त्याच पाळीवर आहात. मध्य प्रांताचा आता मध्य प्रदेश झाला आहे, भंडारा त्यातच आहे, आणि मालगुजारी रद्द करणारा कायदा ३१ तारखेला लागू होतो. वाड्यातून कागदांच्या पेट्या निघाल्या आहेत. बेगार गेली म्हणून खालच्या वस्तीत आनंद आहे, आणि तो आनंद पुरेपूर खरा आहे. मालगुजारासाठी फुकट गाळ उपसून ज्यांच्या पाठी वाकल्या, त्यांनी त्या दिवशी पेढे वाटले असतील तर त्यांचं चुकलं कुठे?

फक्त एक माणूस तुडुमाजवळ बसला आहे. पाणी सोडणारा. त्याच्या बापानं पाणी सोडलं, आज्यानं सोडलं. कोणती बांधी कधी, किती वेळ, कमी पावसाच्या साली कोणी अर्ध्यावर थांबायचं, सगळं त्याच्या डोक्यात आहे. प्रत्येक शेतकरी सुगीला त्याला थोडं धान द्यायचा.

"आता तराव सरकारचा झाला," तो तुम्हाला सांगतो. "मंग मी कोनाचा?"

त्याला कोणी काढून टाकत नाही. फक्त पुढच्या सुगीला दोन घरं धान देत नाहीत, त्याच्या पुढच्या सुगीला दहा. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे जातात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा येतात आणि लहान तलाव त्यांच्याकडे. गाळ साठत जातो. गावाला वाटतं सरकार काढील, सरकारकडे हजारो तलाव आहेत. १९६० मध्ये नागपुरात विश्वेश्वरय्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज निघतं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी करून देतं आणि तुमच्यासारख्यांना घरापासून एसटीच्या अंतरावर इंजिनिअर होता येऊ लागतं. १९८८ मध्ये गोसीखुर्द धरणाची पायाभरणी होते. सगळं होतं. तुडुमाजवळचा माणूस मरतो, आणि त्याच्या डोक्यात होतं ते त्याच्याबरोबर जातं.

सगळं नाही. त्याचा एक मुलगा आहे. १९५१ च्या त्या मार्चात बारा-तेरा वर्षांचा, धिवरांच्या पोरांबरोबर पाण्यात उड्या मारणारा. तो बापाच्या मागे मागे बांध्यांवरून फिरलेला आहे.

तुम्ही हात बाहेर काढता. चिखल आहे, पण वाळलेला. वर पाळ आहे, पाळीवर मोह आहे, आणि मोहाखाली बाबाजी आहे. ऐंशीच्या पुढचा असावा. तुम्ही आज पहिल्यांदा त्याच्या वयाचा हिशेब करता.

वर पोचायला नेहमीपेक्षा वेळ लागतो. तुमसरचीनं तोवर डब्यात तापमानाचा छोटा सेन्सर जोडला आहे आणि पायरीवर लॅपटॉप ठेवून प्रोग्राम बदलते आहे. लाखांदूरचा मोजपट्टी घेऊन उभा आहे. आकडा येतो, मोजपट्टीशी ताडून बघतात. दोन सेंटिमीटरचा फरक. तुमसरची ओरडते, पवनीचा तिच्या पाठीवर थाप मारतो. ५ कोटी लिटर खोटं पाणी तलावातून निघून गेलं. याचा आनंद छोटा नाही, आणि तुम्हीही त्यात मनापासून सामील होता.

मग तुम्ही सांगता. १७४० चं सांगत नाही. एवढंच सांगता की आपला प्रोजेक्ट अर्धा आहे.

"नऊ दिवस," लाखांदूरचा म्हणतो.

"हो."

"एक्स्टर्नल विचारेल, यात तंत्रज्ञान काय?"

"विचारील."

तो तुमच्याकडे बघतो. फेब्रुवारीतलं भांडण दोघांनाही आठवतं. त्याच्या दोन एकरांना पाणी मिळतं ते असल्याच एका मामा तलावाचं, आणि त्याची शेतं शेवटच्या टोकाला आहेत, हे तो आत्ता सांगतो. वर्षभरात पहिल्यांदा. आमच्याकडे पाणी यायच्या आधी रोवणा होऊन जातो लोकांचा, तो म्हणतो. पऱ्हे पिवळे पडतात. बाप रात्री कंदील घेऊन पाटावर बसायचा, कोणी वरती वळवू नये म्हणून.

पवनीचा मधे पडून म्हणतो, तुडुमाला बूच मी करतो, लोखंडी नको, सागाचं, सुताराकडून. आणि पाळीवर रंगवलेली पट्टी, हात आणि बोटं दाखवणारी, सेंटिमीटर एका बाजूला. मोबाइल बंद पडला तरी दिसेल. तुमसरची विचारते, आणि आपल्या ॲपमध्ये काय दाखवायचं, पाण्याचा आकडा की पाळी कोणाची? चौघं एकदम बोलू लागतात. हे भांडण वेगळं आहे.

लाखांदूरचा प्रोजेक्ट रिपोर्टचा मसुदा पिशवीतून काढतो, शेवटचं पान उलटं करतो, पेन उघडतो आणि बाबाजीच्या समोर जमिनीवर बसतो.

"सांगा जी. पहिले कोनाची?"

म्हातारा बराच वेळ काही बोलत नाही. डोळे मिटून घेतो. मग बोट हवेत धरून, जणू पाटाच्या कडेनं चालतो आहे अशा लयीत, बांध्यांची नावं सांगू लागतो. आंब्याची बांधी. तिच्या खालची लंबी. पाटलाची नाही, तिच्या पलीकडची, तिथे आता घर झालं. मधे थांबतो, मागे जातो, एक नाव बदलतो. तुमसरची लॅपटॉप बंद करून जवळ सरकते. पवनीचा पाळीवर उभा राहून बोटानं शेतं ओळखायचा प्रयत्न करतो.

ऊन उतरलं आहे. फाट्यावरून परतीच्या एसटीचा हॉर्न ऐकू येतो तेव्हा यादी सतरावर आलेली असते, आणि म्हातारा अजून पाळीलगतच्याच बांध्यांवर आहे. लाखांदूरचा मान वर करत नाही. तुम्ही डबा सावलीत सरकवून ठेवता आणि अठराव्या बांधीसाठी पान धरता.